शुगरच्या जखमेचा पाय आणि घरचं जगणं

शुगरमुळे पायाला जखम झाली की दवाखान्यात सगळं बोलणं जखमेभोवतीच फिरतं. किती खोल गेली, पू आहे का, हाडाला लागली का. मग चिठ्ठी हातात पडते आणि माणूस एसटीत बसून गावी येतो. पुढचे तीन-चार महिने, कधी वर्षभरही, त्या पायासकट दिवस कसे काढायचे हे त्याला कोणी सांगत नाही. संडासला बसायचं कसं, वावर कोणी बघायचं, भाचीच्या लग्नाला जायचं की नाही, रात्री झोपच येत नाही त्याचं काय करायचं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नर्स होते. आता निवृत्त होऊन गावातच राहते. आजही पट्टी करून घ्यायला लोक माझ्या ओसरीवर येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे. डॉक्टरांचा इलाज चालू ठेवूनच हे करायचं आहे, इलाजाच्या बदल्यात नाही.

माझं एक ठाम मत आधी सांगते. आपल्याकडे बहुतेकांची जखम चिघळते ती औषधाअभावी नाही, माणूस उठून कामाला लागतो म्हणून. आणि तो उठतो, कारण खाटेवर पडून राहिलं की घरात आपल्याला किंमत उरली नाही असं त्याला वाटायला लागतं. म्हणून पायाला आराम द्यायचा असेल तर आधी त्या माणसाच्या हाताला काम द्या आणि घरातली त्याची जागा टिकवा. बाकी बरंच काही त्याच्यामागून येतं.

दुखत नाही म्हणजे काय

"सिस्टर, दुखत तं नाई ना, मंग कायले दवाखान्यात जाऊ?" हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. जास्त दिवसांच्या शुगरने पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुततो, चपलेत खडा राहतो, कळत नाही. आपला पाय दुखला की आपण लंगडतो आणि लंगडल्यामुळे दुखऱ्या जागेवर भार पडत नाही. बधिर पायाचा माणूस लंगडतच नाही, जखमेवर सरळ पाय देऊन चालतो. म्हणून न दुखणारी जखम दुखऱ्या जखमेपेक्षा जास्त धोक्याची धरा.

पाय बधिर आहे का, हे घरी बघता येतं. माणसाला पडून डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. स्पर्श कळला की त्याने "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची जाणीव गेली असं समजा. इप्सविच स्पर्श चाचणी म्हणतात ती हीच. घरात कोणाला शुगर असेल तर जखम नसतानाही करून बघा.

बधिर पायाचं हे शास्त्र कळलं ते कुष्ठरोग्यांमुळे. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे हातपाय बघून दाखवून दिलं की बोटं आजाराने झडत नाहीत. जाणीव गेलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा दाब पडतो, जखम होते, त्यात जंतू शिरतात आणि बोट जातं. पुढे हेच शुगरच्या पायाला लागू पडलं. आपल्या भागाला ही गोष्ट लवकर समजायला हवी. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम आहे, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभी केलेली महारोगी सेवा समिती आणि तिचं आनंदवन आहे. पण होतं उलटंच. शुगरची जखम बघून गावात कुजबुज सुरू होते, "याले महारोग तं नाई?" मग पाणी वेगळं, ताट वेगळं. शुगरची जखम एकापासून दुसऱ्याला लागत नाही. आणि कुष्ठरोगही नीट औषध चालू असलेल्या माणसापासून पसरत नाही. हे घरातल्या लहान पोरांनाही समजावून सांगा. पोरं आजोबांच्या खाटेवर बसली पाहिजेत.

पायावरचा भार काढणं

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदशेकणी करतो. जूने घासून बैलाचा खांदा सोलला असेल तर तो भरेपर्यंत त्याला कोणी जुंपत नाही, नुसतं औषध लावून जू परत ठेवत नाही. पायाचंही तसंच धरा. मलम कितीही महागाचं आणलं तरी दिवसभर त्याच जागेवर पाय पडत असेल तर जखम भरणार नाही.

पायाला पुरेसा रक्तपुरवठा असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर तळव्याच्या जखमेला गुडघ्यापर्यंतचं, काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट हा चांगला उपाय आहे. डॉक्टरांना त्याबद्दल स्वतःहून विचारा. सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ, अकोला, जवळ असेल त्या मेडिकल कॉलेजमध्ये जाऊन विचारा. न काढता येणारंच का? अमेरिकेत २००३ साली एक अभ्यास झाला. काढता येणारा बूट दिलेल्या रुग्णांनी दिवसभराच्या चालण्यातला जेमतेम २८ टक्के भाग तो बूट घालून केला. घरात असलं की काढून ठेवायचे. आपण काही वेगळे नाही. "संडासलेच तं चाललो" म्हणत माणूस अनवाणी निघतो आणि अशी चाळीस-पन्नास पावलं दिवसातून कितीदा तरी होतात.

प्लास्टर जमत नसेल तर वॉकर किंवा काखेतल्या कुबड्या घ्या. पण खरं काम घराची मांडणी बदलण्यात आहे. एक दिवस नुसतं बसून बघा, तो माणूस किती वेळा आणि कशासाठी उठतो. पाण्यासाठी, मोबाईल चार्जिंगला लावण्यासाठी, औषधासाठी, कुत्रं हाकलण्यासाठी, कोणी आलं की दारापर्यंत. त्यातली प्रत्येक गोष्ट खाटेजवळ आणता येते. पाण्याचा तांब्या, औषधाचा डबा, चार्जर, चष्मा, काठी आणि लघवीसाठी प्लास्टिकचं भांडं. भांड्याची लाज वाटते, पण निदान रात्रीपुरतं तरी वापरा. अंधारात अडखळून दुसऱ्या पायालाही जखम झालेली मी पाहिली आहे. दुसरा पाय सगळा भार घेतो, म्हणून तोही रोज तपासायचा.

आता हाताच्या कामाचं सांगते. आमच्या गावातल्या एका काकांच्या उजव्या पायाला अंगठ्याखाली जखम होती. तूर सोंगल्यावर जमिनीत जे तिरपे, टोकदार खुंट राहतात, त्यातला एक चपलेतून आरपार गेला होता. "मले तं समजलंच नाई कवा रुतला. घरी आल्यावर चप्पल रक्तानं भरलेली दिसली," ते म्हणाले. दवाखान्याने आराम सांगितला आणि काका काही ऐकेनात. मळणी चालू, मजूर आलेले, पोरगा एकटा. शेवटी सुनेने डोकं चालवलं. मजुरांची हजेरी आणि हिशेबाची वही त्यांच्याकडे दिली. बाजार समितीतले भाव फोनवर विचारायचं काम त्यांचं. कापसाच्या दिवसांत न उमललेली, अर्धवट फुटलेली बोंडं घरी आणून त्यातून कवडीचा कापूस काढायचा, तोही त्यांनीच, ओसरीवर बसून, पाय समोर बाजेवर ठेवून. त्यानंतर वावरात जायचा हट्ट कमी झाला. तूर-हरभरा निवडणं, दोऱ्या वळणं, फवाऱ्याच्या पंपाची दुरुस्ती, नातवंडांचा अभ्यास, बचत गटाची नोंद, बसून करायची कामं गावात भरपूर असतात. फक्त ती उपकार म्हणून देऊ नका, खरोखरचं काम सोपवा आणि केलं नाही तर जाबही विचारा.

पट्टी

पट्टी आधी दवाखान्यातल्या सिस्टरकडून समोर बसून शिकून घ्या आणि एकदा तिच्या देखत स्वतः करून दाखवा. किती दिवसांनी बदलायची ते जखमेच्या पाण्यावर ठरतं, ते डॉक्टर सांगतील. घरी करताना पंखा बंद करा, कोंबड्या-शेळ्या आवारातून हाकला, स्वच्छ धुतलेलं कापड पसरा. साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, सलाईनने भिजवून सुटू द्या. जखम धुवायला मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची (एनएस) १०० मिलीची लहान बाटली आणा. मोठी बाटली उघडून आठवडाभर वापरण्यापेक्षा ती बरी. जखमेवर थेट कापूस ठेवायचा नाही, तंतू आत चिकटून राहतात. गॉज ठेवा, वरून रोलची पट्टी सैलसर गुंडाळा. बोटांचा रंग बदलला किंवा बोटं गार पडली तर पट्टी आवळली आहे.

काय लावायचं नाही, ते जास्त जोर देऊन सांगते. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. हळद-तेल, चुना, तंबाखू, राख, शेण नाही. कंबरमोडीचा पाला ठेचून लावायची आपल्याकडे पद्धत आहे. विळ्याने कापलेल्या, जाणीव असलेल्या बोटाला पिढ्यान्पिढ्या लोकांनी तो लावला. पण शुगरची खोल, बधिर जखम वेगळी असते. ठेचलेल्या पाल्यातून मातीतले जंतू आत जातात आणि हिरवा थर बसल्यामुळे खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं. जखम भिजत ठेवायला पाय गरम पाण्यात सोडणंही नको. पाणी किती गरम आहे हे त्या पायाला कळत नाही. घट्टा वाढला तर ब्लेडने तासू नका आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कॉर्नच्या पट्ट्या लावू नका. त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं.

दर रविवारी मोबाईलवर जखमेचा फोटो काढा. त्याच जागी, त्याच उजेडात, शेजारी शाळेची फूटपट्टी धरून. चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्म्यावर आला नसेल तर चालू इलाजात काहीतरी राहतंय. रक्तपुरवठा कमी असेल, हाडात जंतू असतील, नाहीतर भार पडतच असेल. फोटो घेऊन मोठ्या दवाखान्यात जा. "भरून येईल हळूहळू" म्हणत बसायची ही वेळ नाही.

त्याच दिवशी निघायचं कधी

जखमेभोवती लाली, गरमपणा किंवा सूज वाढली, पू आला, वास अचानक बदलला, ताप किंवा थंडी वाजून आली, बोट काळं-निळं पडलं, जखमेत पांढरं हाड दिसलं, किंवा खाणं तेच असताना शुगर एकदम चढली, यातलं एकही दिसलं तरी संध्याकाळची वाट बघू नका. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून हाताची पालथी बाजू लावून दोन्ही पायांची उष्णता ताडून बघा. १०८ ला फोन लावा. पाय कापतील या भीतीने लोक घरी थांबतात आणि थांबल्यामुळेच बोटावर निभावलं असतं ते गुडघ्यापर्यंत जातं.

आंघोळ, संडास, रात्र

आंघोळीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवा. जखमेचा पाय पिशवीत घालून वर सैल रबर लावा आणि तो पाय स्टुलावर, पाण्याबाहेर ठेवा. आंघोळ झाली की रबर आठवणीने काढा. दुसरा पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. टाचेला खोबरेल तेल लावा, बेचक्यांत लावू नका.

उकिडवं बसताना सगळा भार चवड्यावर येतो, म्हणजे नेमका जखमेवर. मधोमध भोक असलेली प्लास्टिकची कमोड खुर्ची तालुक्याच्या सर्जिकलच्या दुकानात मिळते. ती संडासच्या भांड्यावरच ठेवायची. बाहेर जाण्याची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते पटायला वेळ लागतो. हाताला धरायला भिंतीत एक लोखंडी पाइप ठोकून घ्या, म्हणजे त्याला कोणाच्या खांद्यावर हात ठेवून जावं लागणार नाही. स्वतःचं स्वतः उरकता येणं याची किंमत धडधाकट माणसाला कळत नाही.

रात्रीचं एक सांगायलाच हवं, कारण शहरातले डॉक्टर हे विचारत नाहीत. उंदीर. बधिर पाय झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला सकाळी चादरीवरचं रक्त बघून कळतं. रक्ताच्या आणि पुवाच्या वासाने ते येतात, मुंग्याही येतात. ज्या काकांचं मघाशी सांगितलं, त्यांची खाट वासामुळे गोठ्यालगतच्या पडवीत गेली होती, जिथे कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरून ठेवतात. मी गेले तेव्हा पट्टीच्या टोकाचे धागे कुरतडलेले होते. त्यांची खाट त्याच संध्याकाळी ओसरीवर आणली. उंच बाजेवर झोपवा, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा, उष्टी ताटं खोलीत ठेवू नका. थंडीत शेकोटीजवळ पाय पसरू देऊ नका, गरम पाण्याची पिशवी देऊ नका, सुती मोजे घाला. दुचाकीच्या सायलेन्सरपासून आणि एसटीत इंजिनाजवळच्या तापलेल्या पत्र्यापासून पाय लांब ठेवा.

रात्री पाय आग-आग करतो, मुंग्या येतात, जणू मिरची चोळली असं लोक सांगतात. पाय बधिर असूनही हे होतं. त्याला वेगळं औषध असतं, साध्या दुखण्याच्या गोळीने ते जात नाही आणि अशा बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला बाधू शकतात. डॉक्टरांना "झोप येत नाही" हे स्पष्ट सांगा. जखम दाखवण्याच्या नादात हे राहून जातं.

वास, लोक आणि देवधर्म

वासामुळे माणूस लोकांतून उठतो. वास म्हणजे बहुतेक वेळा जंतू किंवा मेलेली कातडी, आणि दोन्हींवर इलाज आहे. कुजलेला भाग दवाखान्यात काढून घेतला की फरक पडतो, डॉक्टर वास कमी करणारं औषधही जखमेवर लावायला देतात. अत्तर शिंपडू नका. लग्नाला जायचं असेल तर निघण्याआधी ताजी पट्टी करा, मांडवात जाईपर्यंत गाडी न्या, खुर्ची कडेला धरा, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवा आणि पंगतीऐवजी ताट तिथेच मागवा. पण जा.

आमच्या गल्लीतले चाचा रियाधला ड्रायव्हर होते, तिथेच त्यांना शुगर निघाली. अरब देशांत हा आजार फार. आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशनच्या २०२१ च्या आकड्यांत कुवेतमधल्या मोठ्या माणसांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला शुगर आहे. आपल्या देशात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत ११.४ टक्के.  चाचा सांगतात की रियाधला उघड्या सँडलची सवय, टाचा कोरड्या पडून फाटतात, आणि पाच वेळच्या नमाजाआधी पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या ओल्या राहतात. पट्टी असताना काय करायचं, हे त्यांनी गावच्या इमामसाहेबांना विचारलं. पट्टीवरून ओला हात फिरवला तरी चालतं, असं त्यांनी सांगितलं. रोज्यांबद्दल मात्र आधी डॉक्टर. इन्सुलिन चालू आणि जखम उघडी असताना उपाशी राहणं जिवावर बेतू शकतं. नवरात्राच्या आणि एकादशीच्या उपासालाही हेच लागू.

हजच्या वेळी उन्हात अनवाणी चाललेल्या शुगरवाल्यांचे तळवे भाजल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि देवळाची फरशी तव्यासारखी तापते. शेगावची पायी वारी जखम असताना करू नका. दर्शनाला जायचंच तर पहाटे, गाडीने, आणि बधिर पाय कधीही उघड्या फरशीवर टेकवायचा नाही. जाड मोजे घाला, देवळाच्या लोकांना सांगा. पाय दाखवला की कोणी अडवत नाही, असा माझा अनुभव आहे. स्त्रियांनी जोडव्यांखालची कातडी रोज बघावी. बोट सुजलं की जोडवी आधी उतरवा, कोण काय म्हणेल त्याचा विचार नंतर.

खाणं, खर्रा, इन्सुलिन

जखम भरायला प्रथिनं लागतात. शुगर आहे म्हणून नुसती भाकर आणि मिरचीचा ठेचा असं जेवण काही घरांत चालतं, त्याने जखम अडते. घट्ट वरण, झुणका, मोड आलेली मटकी, दही, चालत असेल तर अंडी आणि मासे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारून. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि बिडी बंद. तंबाखूने पायाच्या आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. गावात खर्रा हा बोलण्या-बसण्याचा भाग आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून घरी येणाऱ्या मित्रांनाच सांगा की याच्यासमोर पुडी काढू नका.

फ्रिज नसेल तर इन्सुलिनची बाटली डब्यात घालून, ओल्या वाळूने भरलेल्या मातीच्या मडक्यात सावलीला ठेवा. वाळू रोज ओली करा. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत बाटली ठेवलीत तर ते औषध गेलं समजा.

पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा आणि भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. साध्या पट्टीसाठी दर वेळी तालुक्याला जाऊ नका. मोठ्या डॉक्टरांकडून पट्टीची पद्धत चिठ्ठीवर लिहून आणा आणि ती आपल्या उपकेंद्रात दाखवा.

मन, आणि जी पट्टी बांधते तिचंही

या रुग्णांसाठी २९ प्रश्नांची एक प्रश्नावली डॉक्टर वापरतात. त्यात जखमेची लांबी-रुंदी नाही. फिरायला जाता येतं का, दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं का, राग येतो का, पुन्हा जखम होईल अशी धास्ती वाटते का, पट्टीचा वैताग येतो का, असं विचारलेलं असतं. घरी एवढी मोठी यादी नको. पट्टी करताना सहज विचारा: झोप झाली का, कोणाशी बोललात का, कशाची काळजी लागली आहे? आणि उत्तर ऐकून घ्या. मध्येच "काई नाई होत" म्हणू नका.

माणूस गप्प झाला, जेवण सोडलं, "आता माझा काय उपयोग" असं बोलू लागला, तर ते बोलणं हलकं घेऊ नका. आपल्या भागात कर्ज, नापिकी आणि आजार एकाच घरात एकत्र येतात. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हा मदतीचा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचा विभाग असतो.

आणि जी पट्टी बांधते ती बहुतेक घरांत सून किंवा बायको असते. तीच निंदायला जाते, तीच स्वयंपाक करते, तीच रात्री उठते. काकांची सून मला एकदा म्हणाली, "मामाजींचा पाय बरा होईन, पण मले कोणी ईचारत नाई." आठवड्यातले दोन दिवस पट्टी मुलाने करायची, असं त्या घरात तेव्हाच ठरवून दिलं. पुरुषाला पट्टी जमते. मी कितीतरी जणांना शिकवली आहे.

जखम भरल्यावर

भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास आहे. नवी कातडी नाजूक असते आणि पाय बधिरच असतो. रोज संध्याकाळी तळवा बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नजर अधू असेल तर नातवाला बघायला लावा.

अंगठ्याच्या पट्ट्याची स्लिपर बंद करा, तो पट्टा बेचकीत कापतो. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. कुष्ठरुग्णांना ती सरकारी दवाखान्यातून मिळते. शुगरवाल्यांनी आरोग्य केंद्रातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञाला विचारावं. जवळ कुठे बनते आणि माप कसं द्यायचं ते त्याला माहीत असतं. चप्पल संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. घालण्याआधी दर वेळी उलटी करून झटका आणि आतून हात फिरवा. उघडी जखम असताना मात्र ही चप्पल पुरत नाही, तेव्हा भार काढणंच लागतं.

पहिल्या दिवशी घरात आणि अंगणात थोडंसं चाला. दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. वावरात जायचं तर बाभळीच्या काट्यांची आणि तुरीच्या, सोयाबीनच्या खुंटांची जागा टाळून बांधावरून जा, जाड तळाचा बंद बूट घालून, आत मोजे. परत आल्यावर बूट काढून दोन्ही तळव्यांना हाताची पालथी बाजू लावा. जुन्या जखमेची जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली तर दुसऱ्या दिवशी चालणं बंद, पाय वर. दोन दिवसांत ती उष्णता उतरली नाही, तर कातडी फुटायची वाट न बघता दवाखान्यात दाखवा.